मदत हवी आहे: आर्टेरियल स्विचनंतर लघवी कमी, मिलरिनोनचं काय करावं?

8 दिवसांचं बाळ, 2.9 किलो, टीजीए (हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्या जन्मतः उलट जोडलेल्या); त्या अदलाबदल करून नीट जोडणारी आर्टेरियल स्विच शस्त्रक्रिया झालीय. बायपासवरून (हार्ट-लंग मशीन) उतरून 10 तास झालेत, छाती उघडीच ठेवलीय. मिलरिनोन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) 0.5 मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट (बीपी पडेल म्हणून लोडिंग दिलं नाही), अ‍ॅड्रेनॅलिन 0.05. मीन बीपी 36, एलए (हृदयाचा डावा वरचा कप्पा) प्रेशर 11, लघवी 0.4 मिली/किलो/तास, क्रिएटिनिन चढतंय.

लॅक्टेट (ऊतींना रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा घटक) 3.8 वरून 5.6. पण सेंट्रल व्हेनस सॅच्युरेशन 68 टक्के, त्यामुळे हे लॅक्टेट निदान काही अंशी अ‍ॅड्रेनॅलिनचंच असावं असा संशय आहे.

5 मिली/किलो अल्ब्युमिन देऊन पाहिलं: एलए 14 झालं, बीपी जागचं हललं नाही. म्हणजे व्हॉल्यूम आणखी नको. आयोनाइज्ड कॅल्शियम 1.2 आहे. एकोत दोन्ही कोरोनरींचा फ्लो व्यवस्थित, एलव्ही (डावा खालचा कप्पा) सगळीकडून सारखंच मंद, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून दाब) नाही. ईसीजीत एसटी बदल नाहीत, सायनस ऱ्हिदम 160. पेरिटोनियल डायलिसिस आत्ताच सुरू केलंय. आमच्याकडे एक्मो (हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) नाही.

मिलरिनोन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं, तेव्हा ते साचून बीपी खाली ओढत असणार. 0.25 वर आणून जोडीला व्हॅसोप्रेसिन 0.0003 युनिट/किलो/मिनिट द्यावं (ते रक्तवाहिन्या आकसवतं; मंद एलव्हीवर आफ्टरलोड, म्हणजे रक्त बाहेर ढकलतानाचा भार, वाढवायला हात धजत नाही), की मिलरिनोन बंदच करून बोलसशिवाय लेवोसिमेंडान (आकुंचन वाढवणारं दुसरं औषध) 0.1 ने 24 तास चालवावं? आणि डायलिसिसवरच्या नवजातात मिलरिनोन तुम्ही किती ठेवता?