मदत हवी आहे: हॉस्पिटलच्या दारात दुपारी उभं राहवत नाही

अकोलेकर७७: पंधरा खाटांचं हॉस्पिटल. दारावर पॉलिकार्बोनेटचं (उजेड आत सोडणाऱ्या प्लास्टिक शीटचं) शेड आहे, खाली नुसती भट्टी. नातेवाईक समोरच्या पानठेल्याच्या सावलीत जाऊन बसतात, नंबर पुकारला की कुणी हजर नाही. फॅब्रिकेटर म्हणतो शेड पाच फूट पुढे घ्या. घ्यावं का? तो उद्या मापं घ्यायला येतोय.

रिकामटेकडा: दार कुठल्या दिशेला? उंची किती? रस्ता किती लांब? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

वास्तुमित्र: पश्चिमेला असेल तर मूळ दोष तिथेच. उंबरठ्याखाली तांब्याची पट्टी बसवा.

रिकामटेकडा: स्ट्रेचर जातं हो तिथून. उंबरठा कसला?

अकोलेकर७७: पश्चिमच. छत दहा फुटांवर, रस्ता वीस फुटांवर.

चुनाविटा: मग पाच फुटांनी काही होणार नाही. मे अखेरीस अकोल्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा आडवं छत पुरतं. साडेचारला तो इतका उतरतो की दहा फुटी छताच्या कडेखालून ऊन सोळा फूट आत येतं. अडवायचं ते समोरून. दारापुढे विटांची जाळी उभी करा, येणं-जाणं बाजूने, वारा चालू. आणि पॉलिकार्बोनेट काढाच. पत्रा टाकलात तर खाली दुसरा थर घ्या, मधे वीतभर हवा खेळती राहू द्या.

माहेरवाशीण: आमच्याकडे वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारायचे. काय गारवा, काय वास!

चुनाविटा: ताई, घरी ठीक. इथे फरशी ओली राहील, वॉर्डबॉय स्ट्रेचरसकट आडवा.

माहेरवाशीण: मग कूलर?

रिकामटेकडा: हवा बाहेर जायला वाट नसेल तर आत पावसाळ्यासारखी चिकचिक. शिवाय खोकणारे पेशंट तिथेच बसलेले. सप्तपर्णी लावा, भराभर वाढते.

माहेरवाशीण: फुलायला लागली की त्या वासाने माझं डोकं उठतं, दम्याच्या पेशंटचं काय होईल! कडुनिंब लावा.

वास्तुमित्र: कडुनिंब चालेल. गच्चीवर सोलर बसवलंय का?

चुनाविटा: ॲम्ब्युलन्स कुठे लागते?

अकोलेकर७७: त्याच दारात. रिव्हर्स घेऊन.

चुनाविटा: हे आधी सांगायचं ना! पक्की जाळी बाद. वर गुंडाळता येणारे बांबूचे पडदे टांगा, गाडी आली की ओढून घ्यायचे. रँपचा उतार १२ फुटांना १ फुटापेक्षा जास्त नको.

अकोलेकर७७: बरं. पण शेड पुढे घेऊ की नको?