पायाला सूज नाही, काही त्रास नाही, तरी हत्तीरोगाच्या गोळ्या का खायच्या?

धानपट्टा२७:
चंद्रपूर जिल्ह्यातलं आमचं गाव. दरवर्षी आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारात येतात आणि समोरच खा म्हणतात. मागच्या वर्षी खाल्ल्या, तर संध्याकाळी ताप, डोकं दुखलं, मळमळ झाली. दुसऱ्या दिवशी कामावरचा खाडा पडला. यंदा आई म्हणते, "धडधाकट माणसानं औषध कशाले खायचं?" माझं वय २७, पाय अगदी ठीक आहेत. आजीचा उजवा पाय मात्र जाड आहे, तिच्या तरुणपणापासून. मी गोळ्या खाऊन नेमका फायदा कोणाचा?

वरोरा_रोड:
मी हातात घेतो, "जेवून खातो" म्हणतो आणि फडताळात ठेवून देतो. आमच्या गल्लीत बरेच जण असंच करतात. इतकी वर्षं काही झालं नाही.

निवृत्त_आरोग्यसेवक:
धानपट्टा, सविस्तर लिहितो, कारण नागपूर जिल्ह्यात या कामात माझी बरीच वर्षं गेली.

या रोगाचे जंतू, म्हणजे कृमीची सूक्ष्म पिल्लं, दिवसा हाताच्या रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत. रात्री दहानंतर ते वर येतात, कारण तो पसरवणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. म्हणून आमचं रक्तसर्वेक्षणही रात्रीचं. टॉर्च घेऊन दारं ठोठवायची, कुत्री अंगावर यायची, झोपमोड झाली म्हणून लोक चिडायचे. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं. एका गावात कबड्डी खेळणाऱ्या पोराने स्वतःहून बोट पुढे केलं. पाय कसे, तर खांबासारखे मजबूत. त्याचीच पट्टी दूषित निघाली. पुढच्या खेपेला तंत्रज्ञाने त्याच्या ताज्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवला. सुताच्या तुकड्यांसारखे जंतू वळवळत होते. त्या पोराला कसलीही तक्रार नव्हती, पण रोज रात्री डास त्याच्याकडून ते उचलून शेजारच्या घरात नेत होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पोरात आहे. सुजलेला पाय दिसतो, म्हणून लोक त्यालाच रोग समजतात. गावात रोग फिरत राहतो तो धडधाकट माणसांच्या रक्तातून. पूर्ण वाढलेली कृमी लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, कित्येक वर्षं जगते आणि लाखो पिल्लं सोडते. डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्यांतल्या दोन औषधांनी पिल्लं मरतात, मोठी कृमी सगळी मरत नाही, म्हणून दरवर्षी परत गोळ्या. आणि पात्र लोकांनी नुसत्या घेतल्या असं नाही, एकूण लोकसंख्येतल्या निदान ६५ टक्के लोकांनी खरोखर गिळल्या तरच फेरी उपयोगाची. वरोरा_रोड, तुमच्या फडताळातल्या गोळ्या कागदावर खाल्लेल्या दिसतात. डासाला कागद वाचता येत नाही हो. अशा गल्ल्यांमुळेच आमच्या फेऱ्या संपत नव्हत्या.

ताप आणि मळमळ बहुतेकदा रक्तातले जंतू मरतात म्हणून होते, साधारण एक-दोन दिवसांत जाते. म्हणजे मागच्या वर्षी तुमच्या रक्तात जंतू असण्याची शक्यता आहे. यंदा तर नक्की खा. रिकाम्या पोटी नको.

पापुआ न्यू गिनीत याच दोन औषधांना आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषध जोडून पाहिलं. एकदाच दिलेल्या तिहेरी डोसानंतर तीन वर्षांनीही ९६ टक्के लोकांच्या रक्तात पिल्लं नव्हती. भारतासह पाच देशांत २६ हजारांवर लोकांमध्ये सुरक्षितता तपासली. आमच्या नागपूर जिल्ह्यात जानेवारी २०१९ मध्ये तिहेरी औषध आलं. आशाताई उंची मोजत असतील तर ते आयव्हरमेक्टिनसाठी. श्रीलंका आणि मालदीवमध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग २०१६ मध्ये संपल्याचं जाहीर झालं, बांगलादेशात २०२३ मध्ये. तिथेही डास होतेच. आपल्याला का जमू नये, हा विचार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

धानपट्टा२७:
काका, कबड्डीवाल्या पोराचं वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन गोष्टी विचारतो. वहिनीला चौथा महिना आहे, पुतण्या दीड वर्षाचा. आणि आजीचा पाय या गोळ्यांनी उतरेल का?

निवृत्त_आरोग्यसेवक:
वहिनीला नाही आणि बाळालाही नाही. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं लेकरू आणि फार आजारी माणूस यांना गोळ्या देत नाहीत. आशाताईंना चौथ्या महिन्याचं आधीच सांगा, बायका लाजून सांगत नाहीत.

आजीचा पाय गोळ्यांनी बारीक होणार नाही, खोटं सांगत नाही. पण तिला मधूनमधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो ना? ते थांबवणं तुमच्या हातात आहे. रोज साबण-पाण्याने पाय हलक्या हाताने धुवा, बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नका, सुती कापडाने टिपून घ्या. बेचक्यात चिखली किंवा चीर दिसली तर आरोग्य केंद्रातून मलम आणा. रात्री पायाखाली उशी. सुरुवातीचा महिनाभर तुम्ही स्वतः धुऊन द्या, म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नाही.

वरोरा_रोड:
फडताळातल्या गोळ्या दोन वर्षांच्या आहेत. त्या खाऊ का?

निवृत्त_आरोग्यसेवक:
नको. त्या आरोग्य केंद्रात परत द्या आणि यंदाच्या ताज्या, जेवण झाल्यावर, ताईंसमोर खा.