'छपाईला पीएनजीच द्या' हे कोणी ठरवलं?

शाईवाला : दिवाळी अंकांची कामं सुरू झाली आणि ती पोस्ट पुन्हा फिरायला लागली : 'फोटो पीएनजीतच द्या, जेपीजी छपाईला चालत नाही.' अहो, दोन्ही चित्र साठवायचे प्रकार; पण पीएनजीत सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे रंग, नसतातच! १९९६ साली तो आला तोच पडद्यासाठी. या चार शायांच्या चार प्लेटा काढायच्या तर पडद्याचे रंग बदलावेच लागतात, आणि भडक निळा-हिरवा तिथेच मरतो. मूळ फोटो मोठा असेल, तर कमी दाबलेला (कमी कॉम्प्रेस केलेला) जेपीजी ऑफसेट छपाईला उत्तम चालतो. पुन्हा पुन्हा काम करायचं असेल तर टिफ ठेवा, त्यात दर सेव्हला तपशील जात नाही.

रेषारंग : पोस्ट माझीच आहे. जेपीजी दर सेव्हला तपशील खातो, हे खोटं आहे का? माझ्या रेखाचित्रांच्या कडेने मळकट ठिपके छापून आलेत. पीएनजीत कडा स्वच्छ राहतात.

शाईवाला : रेखाचित्रापुरतं मान्य. पण तुम्ही 'फोटो' लिहिलंत. आणि आरजीबीतली, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली, काळी रेघ रूपांतरात चारही प्लेटांवर पसरते; रजिस्टर, म्हणजे प्लेटांची जुळणी, जरा हललं की रेघेला रंगीत कड दिसते. ते चित्र फक्त काळ्यात, १२०० डीपीआयच्या (इंचाला १२०० ठिपके) टिफमध्ये द्या.

पडद्यामागचा : फॉरमॅटवर कसले भांडताय? व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात आलेला फोटो १६०० पिक्सेलच्या आसपास असतो. ३०० डीपीआयला सव्वापाच इंच. त्यावर मुखपृष्ठ करा म्हणतात! डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि लग्नपत्रिकेचा अख्खा मजकूर जेपीजीत आणणाऱ्यांना तर हात जोडतो.

पत्रिकावाली : आणतो, कारण तुमच्याकडे युनिकोड, म्हणजे मोबाइल-संगणकावर टाइप केलेलं आजचं मराठी, फुटतं! बहिणीच्या पत्रिकेत आजोबांच्या नावातला रफार शेजारच्या अक्षरावर गेला. 'आमच्याकडे असंच येतं,' हे उत्तर मिळालं. जेपीजी दिला तेव्हा नाव नीट छापलं.

पडद्यामागचा : मग फाँट फायलीतच एम्बेड करून पीडीएफ द्या, नाहीतर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या चित्ररेषा करून. ३०० डीपीआयच्या जेपीजीत आठ पॉइंटच्या अक्षराच्या कडा फाटतात.

पत्रिकावाली : कर्व्ह केल्यावर वेलांटी चुकलेली दिसली तर ती सुधारायची कशी? तुम्ही सगळं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करता आणि नव्या चुका घालता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. अजून किती वर्षं हवीत?

पडद्यामागचा : नव्या सॉफ्टवेअरचे पैसे गिऱ्हाईक देतं का? कार्डामागे पन्नास पैसे सोडा म्हणून तासभर बसतात. आमच्या जुन्या फायली जुन्याच फाँटमध्ये आहेत, त्या टाकून देऊ?

पत्रिकावाली : तुमच्या जुन्या फायलींसाठी आमची नावं का मोडायची?

शाईवाला : इथे तिचं बरोबर आहे. मराठी छापून पोट भरणाऱ्याला मराठी जोडाक्षर नीट उमटवता आलंच पाहिजे. फुटलेल्या मजकुराचा राग जेपीजीवर काढू नका.

रेषारंग : पोस्टमधला 'फोटो' शब्द काढते. जेपीजीबद्दलचं मत तेच आहे. रेखाचित्रं टिफमध्ये देईन.

पडद्यामागचा : युनिकोडचं काम नव्या मशीनवर करतो मी. सगळे करत नाहीत, हेही खरं.

पत्रिकावाली : पीडीएफ देईन. पण कागदावरचं प्रूफ हातात आल्याशिवाय आणि रफार तपासल्याशिवाय सही करणार नाही.