‘नऊचा खेळ’ की ‘नऊचा प्रयोग’?

सारिपाट
एकपडदा चित्रपटगृहांवरचा एक इंग्रजी लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय. त्यात मी लिहिलं, ‘नऊचा खेळ सुटला की चौकात रिक्षांची झुंबड उडायची.’ संपादकांनी ‘खेळ’ खोडून ‘प्रयोग’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘खेळ म्हणजे क्रिकेट-कबड्डी, वाचक गोंधळेल.’ आमच्या घरी तीनचा, सहाचा, नऊचा खेळच म्हणायचे. ‘शो’ एकवेळ चालेल, पण सिनेमाचा प्रयोग? की ‘खेळ’ खरंच मोडीत निघालाय?

पिटातला
प्रयोग असेल तर तिकीट प्रयोगशाळेत मिळणार का? अहो ताई, नाटक दर वेळी नव्याने उभं करावं लागतं. कुणाचा घसा बसलेला, कुणी वाक्य खाल्लेलं, म्हणून तो प्रयोग. सिनेमाचं रीळ तेच ते. मोजदादच बघा ना. प्रशांत दामल्यांचा २०२२ साली १२,५००वा ‘प्रयोग’ झाला. दादा कोंडक्यांच्या सिनेमांचे रौप्यमहोत्सव मात्र आठवड्यांवर मोजले, २५ आठवडे. सिनेमाचे प्रयोग कुणी मोजलेत का आजवर?

व्युत्पन्न
प्रयोगशाळेचा विनोद नको. ‘प्रयोग’ मुळात नाट्यातलाच शब्द आहे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधारच म्हणतो, ‘आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्’. तेव्हा कुठे होत्या तुमच्या परीक्षानळ्या? संपादकांचं चुकलं हे मान्य, कारण चित्रपटाला तो शब्द लावू नये. पण ‘खेळ’ही नको. ती हिंदी ‘खेल’ची उसनवारी. ‘प्रदर्शन’ हा शुद्ध शब्द असताना हे हाल कशाला?

पिटातला
‘नऊचं प्रदर्शन सुटलं.’ एकदा मोठ्याने म्हणून बघा. चित्रपट प्रदर्शित होतो तो शुक्रवारी, रोज रात्री नाही.

तळकोकणी
हिंदीची उसनवारी?? ‘खेळ मांडियेला वाळवंटी घाई’ म्हणणारे तुकोबा काय हिंदी सिनेमे बघून आले होते? आमच्या रत्नागिरीत नमन-खेळे आहेत, शिमग्याला खेळे दारात येतात. खाली पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. दशावताराला मात्र आम्ही नाटक म्हणतो, ते का ते देव जाणे.

रीळबदलू
एक निरीक्षण टाकतो, पटलं तर बघा. जादूगार रघुवीरांचे ‘जादूचे प्रयोग’ असायचे आणि गारुड्याचा ‘खेळ’. काम दोघांचं एकच, हातचलाखी. म्हणजे नाट्यगृहात, तिकीट लावून, कोटबीट घालून केलं की प्रयोग. तेच डोंबाऱ्याने, गारुड्याने मैदानात केलं की खेळ. सिनेमा जत्रेतल्या तंबूतून गावोगाव पोचला, म्हणून तो खेळच राहिला. शब्दालाही जात असते राव.

व्युत्पन्न
आकर्षक सिद्धांत, पण पाया कच्चा. भारतात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात, ७ जुलै १८९६ला, एक रुपया तिकीट लावून. तंबू कसला?

रीळबदलू
वॉटसनमध्ये मराठी माणसं किती होती? शब्द प्रेक्षक देतात, हॉटेलवाले नाही.

बुकिश
दोघेही १८४३ विसरलात. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची सुरुवात केली, त्यानंतर कितीतरी वर्षं नाटकांचेसुद्धा ‘खेळ’च होत. एकोणिसाव्या शतकातल्या आठवणी चाळा, ‘अमुक मंडळीचा खेळ पाहिला’ हे जागोजाग सापडतं. ‘प्रयोग’ पुढे स्थिरावला, नाटकवाल्यांना प्रतिष्ठा हवीशी झाली तेव्हा. तेव्हा रीळबदलूंचं अर्धं बरोबर आहे. जात तंबूमुळे ठरली नाही, नाटकाने वरची पायरी गाठली आणि जुना अंगरखा सिनेमाला दिला.

मसावि
या सगळ्यात सावरकर कसे आले नाहीत अजून? चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर, नेपथ्य हे सगळे त्यांचे. त्यांनी ‘खेळ’ला प्रतिशब्द दिला नाही, म्हणजे तो त्यांना चालत होता.

व्युत्पन्न
नेपथ्य सावरकरांचा? संस्कृत नाटकांत पानोपानी ‘नेपथ्ये’ आहे. पडद्यामागची जागा, पात्रांची रंगभूषा-वेशभूषा. आज आपण सेटला नेपथ्य म्हणतो, हा अर्थाचा सांधा कधी बदलला ते शोधा. शब्द घडवणं वेगळं, रुळवणं वेगळं.

मसावि
रुळवणाऱ्याला श्रेय द्यायला इतकं जड का जातं काही लोकांना?

सारिपाट
अहो, मंडळी! अंक छपाईला जातोय. मी लिहू काय?

झाडीचा पाहुणा
‘शो’ लिहा न मोकळे व्हा. आमच्या गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजकडे दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) न रात्री नाटक, दिवाळी ते होळी. रातभर चालते, पहाटे उठून लोक घरी जातात. त्याला कोणी ना खेळ म्हणत ना प्रयोग. ‘आज नाटक आहे’, झालं. पुण्या-मुंबईचे वाद हे.

तळकोकणी
शंकरपटाला तुम्ही ‘खेळ’ म्हणता की नाही?

झाडीचा पाहुणा
पट म्हणतो. बैल पळतात, खेळत नाहीत.

टाळीखाऊ
जाता जाता: ‘पिटातला’ या आयडीवरून आठवलं. पिट हा शब्द टाळ्या ‘पिटण्या’वरून आलाय ना? स्वस्तातले प्रेक्षक टाळ्या पिटतात म्हणून?

व्युत्पन्न
नाही. नाही. नाही. इंग्रजी थिएटरातला पिट. रंगमंचाजवळची खोलगट जागा.

पिटातला
माझ्याकडून मात्र टाळ्या पिटण्याची व्युत्पत्ती मंजूर. शिवाजी मंदिरात मध्यंतराला वडा हाणून आल्यावर दुसऱ्या अंकाला टाळी आपोआप पडते.

मसावि
‘मध्यंतर’ म्हणालात, ‘इंटरव्हल’ नाही. कोणाची कृपा?

टाळीखाऊ
बरं, अजून एक. नाटक आधी ‘बसवतात’, मग ते ‘उभं राहतं’, चांगलं असेल तर ‘चालतं’, नाहीतर ‘पडतं’. बसवलेलं नाटक उभं कसं राहतं? गाणंही बसवतात, पण ते कधी उभं राहिलेलं ऐकलं नाही.

बुकिश
घडी बसते, तसं. तालमीत हालचाली, जागा पक्क्या बसल्या की नाटक बसलं. माझा अंदाज.

तळकोकणी
आमच्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा ‘बसलेले’ असतात आणि भजन ‘उभं’ करतात. गजर उभा राहतो. घ्या.

व्युत्पन्न
यासाठी वेगळा धागा काढावा.