शब्दचर्चा: ‘थायरॉईड वाढलाय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय?

कागदबोळा

एका दवाखान्यात ठेवायला चार पानी पुस्तिका लिहून देतोय. विषय थायरॉईड, आणि जाताजाता बाकीची हॉर्मोन्स. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. मी लिहिलं होतं: ‘अवटू ही अंतःस्त्रावी ग्रंथी असून ती संप्रेरके स्त्रवते.’ आईला वाचून दाखवलं. आई गेली नऊ वर्षं उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घेते, म्हणजे पुस्तिकेची हक्काची वाचक. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘‘छान आहे. पण कशाबद्दल आहे?’’

तर मंडळी, संप्रेरक ठेवू की हॉर्मोन? अवटू हा शब्द आला कुठून, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला तो कळेल का? शिवाय लोक सर्रास ‘थायरॉईड वाढलाय’, ‘मला थायरॉईड आहे’ असं म्हणतात. थायरॉईड तर सगळ्यांनाच असतो. हे बोलणं तसंच छापू का?

ऱ्हस्वदीर्घ

आधी तो ‘त’ काढा. धातू स्रु. त्यावरून स्राव, स्रवणे, अंतःस्रावी. ‘स्त्राव’मधला त आपण ‘स्त्री’वरून उचललाय. तिथे तो हक्काचा आहे, इथे घुसखोर. ‘सहस्त्र’ आणि ‘हिंस्त्र’ लिहिणाऱ्यांचीही हीच चूक.

दुसरं, ‘ग्रंथी संप्रेरके स्रवते’ हे मराठी नव्हे. स्रवणे अकर्मक आहे. जखम स्रवते, रस स्रवतो. ग्रंथी संप्रेरक सोडते, किंवा ग्रंथीतून ते पाझरतं.

तिसरं, ग्रंथी आणि अवटू शेवटी दीर्घच, १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे. जुन्या पुस्तकांत ग्रंथि, अवटु दिसेल, ते त्या काळचं बरोबर. समासात आधी आले की ह्रस्व: ग्रंथिदोष, अवटुदोष.

कागदबोळा

काढला त. आई म्हणते, त होता तेव्हाही कळत नव्हतं, आताही नाही.

अमरकोशी

संप्रेरक या शब्दाला उगाच नावं ठेवतात म्हणून थोडं लांबण लावतो.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्यावर एक प्रयोग केला. लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. जठरातून आंबट अन्न खाली उतरलं की स्वादुपिंडातून पाचक रस सुटतो, एवढं माहीत होतं. हा निरोप नसांमार्फत जातो अशी तोवरची समजूत. इथे नसाच नव्हत्या, तरी रस सुटला! मग त्यांनी आतड्याचं आतलं अस्तर खरवडून आम्लात घोटलं, गाळलं आणि ते पाणी दुसरीकडच्या शिरेत टोचलं. पुन्हा रस. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. असल्या सगळ्या रक्तवाटे जाणाऱ्या निरोप्यांना मिळून एक नाव हवं होतं, ते स्टार्लिंगने १९०५ च्या व्याख्यानांत वापरलं: हॉर्मोन. ग्रीक क्रियापद ‘हॉर्माओ’, म्हणजे चेतवणे, हलवून कामाला लावणे.

आता आपल्याकडे बघा. ईर् म्हणजे हलवणे, ढकलणे. प्र + ईर् वरून प्रेरणा, प्रेरक. पुढे सम् लावून संप्रेरक. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याला ग्रीक अर्थ माहीत असणार, इतका तो नेमका बसलाय. उत्प्रेरक हा रसायनशास्त्रातला भाऊ, त्याच्याशी गल्लत करू नये.

खोट एवढीच की सगळी हॉर्मोन्स चेतवत नाहीत. काही आवरतात. सोमॅटोस्टॅटिन हे वाढीच्या हॉर्मोनला लगाम घालतं. हा आक्षेप इंग्रजीतही घेतला गेला होता. शेफर नावाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सुचवलं की चेतवणाऱ्यांना हॉर्मोन म्हणा आणि आवरणाऱ्यांना चॅलोन. कोणी ऐकलं नाही. तेव्हा मराठीत ‘संनियामक’ वगैरे सुचवायला कोणी निघालं असेल तर चहा पिऊन घ्या आधी.

स्लाईड-काच

शब्द जाऊ द्या, तिसरा प्रश्न सोडू नका. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ‘थायरॉईड वाढलाय’ या दोन शब्दांनी जेवढा घोळ होतो तेवढा अक्षर न लागण्यानेही होत नाही.

मागे एक काका रिपोर्ट घ्यायला आले. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन) ११.२. शेजारी छापलेली मर्यादा साधारण ०.४ ते ४. काका म्हणाले, ‘‘वाढला ना? वाटलंच. म्हणून मी पंधरा दिवस गोळी अर्धीच करून घेतोय.’’ त्यांचं गणित सरळ होतं. वाढलाय, तर कमी करायचा.

पण टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. तो येतो मेंदूखालच्या पिट्युइटरीतून. मी समजावताना मुकादम आणि गडी सांगते. पिट्युइटरी मुकादम, थायरॉईड गडी. गडी नीट काम करत असेल तर मुकादम हळू आवाजात बोलतो. गडी पेंगायला लागला की मुकादम ओरडायला लागतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. तो ११ वर गेलाय याचा अर्थ थायरॉईड मंदावलाय! गोळी म्हणजे थायरॉईडने करायचं तेच हॉर्मोन बाहेरून. ते रक्तात पुरेसं झालं की मुकादम आपोआप गप्प. उलट खरोखर जास्त हॉर्मोन बनत असेल, हात थरथरतात, छाती धडधडते, खाऊनही वजन उतरतं, तेव्हा टीएसएच जवळपास शून्याला टेकतो. त्या रिपोर्टकडे बघून लोक म्हणतात ‘थायरॉईड कमी झालाय’. बरोबर उलटं.

काकांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. मात्रा बदलली की पुन्हा तपासणी सहा आठवड्यांनी, कारण हे हॉर्मोन रक्तातून फार सावकाश उतरतं. निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. आज गोळी घेतली आणि उद्या रिपोर्ट केला, असं चालत नाही.

कागदबोळा

हे पुस्तिकेत जाणार. मुकादमासकट.

अमरकोशी

स्लाईड-काच यांचं वाचून एक सुचलं. ‘थायरॉईड झालाय’ या बोलण्याला आपण नवशिके समजतो, पण घडण जुनी आहे. ‘मला पित्त झालंय’, ‘त्याला कफ झालाय’. पित्त नि कफ निरोगी माणसातही असतातच की. मराठीत शरीरातली वस्तू बिघडली की त्या वस्तूचंच नाव आजाराला देतात. शुगर आहे, बीपी आहे, अपेंडिक्स झालं, ही सगळी पित्ताचीच नातवंडं. ‘मला थायरॉईड आहे’ म्हणणाऱ्याला हसू नका, तो व्याकरणाने बरोबर आहे. ‘वाढलाय’ मात्र धोक्याचं.

स्लाईड-काच

आणि तिसराही अर्थ आहे! गलगंड. तिथे गाठ खरीच वाढते, गळ्यावर दिसते. हॉर्मोन बनवायला आयोडीन लागतं (मुख्य हॉर्मोनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू). अन्नात आयोडीन नसेल तर गडी करणार काय? मुकादम ओरडतच राहतो आणि त्या ओरडण्याने ग्रंथी फुगत जाते. काम कमी, आकार मोठा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. हिमालयाच्या पायथ्याशी जमिनीतच ते कमी. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवलं, गलगंड कमी झाला, आणि १९६२ मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला.

म्हणजे ‘थायरॉईड वाढलाय’चे अर्थ असे: टीएसएच वाढलाय, हॉर्मोन वाढलंय, गाठ वाढलीये. रुग्णाने म्हणावं, पण पुस्तिकेने म्हणू नये.

ऱ्हस्वदीर्घ

१९६२. लेखननियम आणि मीठ एकाच वर्षी. मिठाचा गुण आला.

गंड शब्दाचं बघा. गंड म्हणजे फुगवटा, गाठ. गलगंड आणि न्यूनगंड यांतला गंड एकच. हिंदीवाले न्यूनगंडाला ‘हीन ग्रंथि’ म्हणतात, आपण गंड म्हटलं. मनात सुजलेलं काहीतरी, हे मला जास्त पटतं.

कागदबोळा

आणि अवटू?

अमरकोशी

अवटूची गंमत अशी की अमरकोशात अवटु, घाटा, कृकाटिका हे एकाच जागेचे शब्द, आणि ती जागा म्हणजे मान, मागची! आपण ज्याला मानगूट म्हणतो ती. ग्रंथी आहे गळ्यात, पुढे, कंठमण्याखाली. परिभाषा करणाऱ्यांनी मानेचा शब्द घेतला आणि पुढे आणून लावला. त्यांना फार बोलू नका. थायरॉईड म्हणजे तरी काय, ग्रीकांची लांबट ढाल. हे नाव टॉमस व्हार्टनने १६५६ मध्ये दिलं, आणि ही ग्रंथी असते कशाला, तर मान गोल, सुबक दिसावी म्हणून, असाही त्याचा एक तर्क होता.

अधिवृक्काचंही, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचंही, तसंच. वृक्कावर बसलेली ती अधिवृक्क, शब्द चोख. पण आपण वृक्क म्हणतच नाही, मूत्रपिंड म्हणतो. पाया गेला, मजला तेवढा राहिला.

माझा सगळ्यात लाडका शब्द पीयूषिका. पिट्युइटरी आली लॅटिन ‘पिट्युइटा’वरून, म्हणजे श्लेष्मा, स्पष्टच सांगायचं तर शेंबूड. मेंदूतला मळ तिथून गळून नाकावाटे येतो अशी जुनी समजूत. वाटाण्याएवढ्या त्या बिचाऱ्या ग्रंथीला तिकडे शेंबडी म्हणून बोळवलं, आणि मराठीत तिचं झालं पीयूष, अमृत! उच्चारसाम्य साधून. आणि पीयूषचा दुसरा अर्थ ऐका: नुकत्याच व्यायलेल्या गाईचं दूध. चीक. ज्याचा खरवस करतो तो. विश्वकोशात हिला पोष ग्रंथी म्हटलंय, तेही वाईट नाही, पण चिकाची सर नाही.

चरवीवाला

चिकाचं नाव निघालं म्हणून लिवतो. आमच्याकडं चार म्हशी न् एक गाय. पिट्युइटरी दूध करती व्हय?

स्लाईड-काच

दूध कासेत तयार होतं, पण ‘तयार कर’ हा हुकूम पिट्युइटरीचा. प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन. आणि तयार झालेलं दूध खाली सोडायचा हुकूमही तिच्याच मागच्या भागातून, ऑक्सिटोसिन. वासराने आचळ ओढलं की नसांमधून खबर मेंदूला, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात, रक्तातून कासेत. तिथल्या दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध उतरतं. ग्रीकमध्ये ऑक्सिटोसिनचा अर्थ ‘लवकर बाळंतपण’, कारण त्याचा आधी लक्षात आलेला परिणाम गर्भाशयावरचा होता.

चरवीवाला

मग त्याला आमच्यात शब्द हाय की. पान्हा.

दूध येगळं, पान्हा येगळा. वासरू दोन घोट प्यालं, की मी बाजूला वढून बांधतो. कास कोमट पाण्यानं धुतो. हाताखाली सड आधी ढिली लागत्यात, मग घटकाभरात टच्च भरत्यात. ती पान्हावली. मग झपाझप काढायचं, कारण पान्हा काय लई वेळ टिकत न्हाई. आमच्या थोरल्या म्हशीला तर वासरू बी लागत न्हाई, चरवीचा आवाज आला का धार सुटती. आन् नवीन माणूस बसला, कुत्रं भुकलं, तर पान्हा चोरती. कास भरल्याली, पर थेंब न्हाई.

स्लाईड-काच

मी हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. चोरते ते ॲड्रिनलीनमुळे. म्हैस बिचकली की अधिवृक्कातून ॲड्रिनलीन सुटतं आणि ऑक्सिटोसिनची वाट अडते. चरवीच्या आवाजावर धार सुटते तेही खरं आहे, बाळाचं रडणं ऐकून आईचं दूध येतं, तसंच. आमच्या अभ्यासक्रमात याला एवढं लांब इंग्रजी नाव होतं. पान्हा कोणी सांगितलाच नाही.

अमरकोशी

संस्कृत प्रस्नव, प्राकृतात पण्हव, आणि मराठीत पान्हा. हा शब्द कोणत्याही समितीने केलेला नाही.

कागदबोळा

पुस्तिकेचं पहिलं पान असं केलंय. दुरुस्त्या सांगा.

‘गळ्यात पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव अवटू आहे. ती जे हॉर्मोन बनवते ते नळीवाटे कुठे जात नाही, थेट रक्तात मिसळतं. म्हणून गळ्यातली एवढीशी गाठ मंदावली तरी पाय जड होतात, थंडी वाजते, केस गळतात, पोट साफ होत नाही. तुमच्या रिपोर्टमधला टीएसएच वाढला असेल, तर बहुतेक वेळा तुमचा थायरॉईड कमी काम करतो आहे. गोळी स्वतःहून कमी करू नका. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा निदान अर्ध्या तासाने.’

संप्रेरक शब्द शेवटच्या पानावर एकदा ठेवलाय, नातवंडांना अभ्यासात दिसेल म्हणून. आईला वाचून दाखवलं. शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, ‘‘म्हणजे माझा वाढलेला नाहीच? नऊ वर्षं मी सगळ्या भिशीत सांगतेय.’’ नंतर हळूच विचारलं, चहा अर्ध्या तासाने हे कोणी ठरवलं.

ऱ्हस्वदीर्घ

दुरुस्ती नाही. दुर्मीळ प्रसंग.

चरवीवाला

एक राहिलं. म्हशीला थायरॉईड असतंय का?

स्लाईड-काच

ग्रंथी विचारताय की आजार?

चरवीवाला

घ्या. आता माझं मलाच कळंना.