पीकविम्याचा पैसा घरच्या हिशेबात कुठे बसतो? आपापले अनुभव सांगावेत

सांवेरकर : काल इंदूरला छावणीच्या धान्यमंडीत सोयाबीनची पोती उतरताना पाहिली आणि ऑगस्ट २०२० आठवला. ऐन शेंगा भरण्याच्या वेळी आमच्या शेतातली पाने पिवळी पडली. रोप उपटले की खोड आतून पोकळ निघे. खरिपाच्या विमाहप्त्याचा आमचा वाटा, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या (जास्तीत जास्त जेवढी भरपाई मिळू शकते तिच्या) दोन टक्के, सोसायटीने पीककर्जातूनच वळता केला होता. भरपाई खात्यात आली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. तोवर दोनदा गहू पेरून झाला होता आणि पहिल्या पेरणीच्या बियाण्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. मिळालेल्या पैशांतून पाटल्या सुटल्या, व्याज मात्र आम्ही पदरचे भरले.

देपालपूरची सून : दादा, वाचून फार वाईट वाटले. आमचा गहू कापून शेतात पडला असताना गारा आल्या. कापणीनंतर चौदा दिवसांपर्यंत असे नुकसान विम्यात धरतात, पण ७२ तासांच्या आत कळवावे लागते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. सासूबाई ओल्या पेंढ्या उलटवत राहिल्या आणि आम्ही पाचव्या दिवशी फोन केला. त्या वर्षी धाकट्या नणंदेचे लग्न पुढे ढकलावे लागले.

निवृत्त कृषी कर्मचारी : मी पीककापणी प्रयोगांना स्वतः उभा राहिलो आहे. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात खुंट्या ठोकून दोरी बांधायची, तेवढ्याच चौकटीतले पीक कापून, मळून, तोलायचे आणि अशा प्रयोगांवरून सबंध पटवारी हलक्याचे, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या (तलाठ्याकडच्या) गावांचे, सरासरी उत्पादन ठरवायचे. उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली उतरले की भरपाई लागू होते ते उत्पादन, हेक्टरी दहा क्विंटल असेल आणि सरासरी सात निघाली, तर संरक्षित रकमेच्या तीस टक्के भरपाई मिळते. मात्र शेजाऱ्यांची शेते तरली आणि रोगाने एकट्या तुमचेच गेले, तर हाती काही येत नाही. हे शेतकऱ्याला समजावून सांगताना माझी जीभ नेहमी जड होई.

महूकर काकू : आमची जमीन बटाईवर आहे. भरपाई आमच्या नावावर आली, पण बियाणे आणि मेहनत बटाईदाराची होती, म्हणून यजमानांनी त्याच दिवशी निम्मी रक्कम त्याच्या हाती दिली. कागदावर मात्र त्याचे नावच नव्हते, हे मला अजून सलते.

देपालपूरची सून : काका, यंदा कर्ज घेतलेले नाही, तरी विमा उतरवता येईल का?

निवृत्त कृषी कर्मचारी : हो सूनबाई, येतो. खरीप २०२० पासून तो कर्जदारांनाही ऐच्छिक आहे. जमिनीचा उतारा, बँकेचे पासबुक आणि पेरणीचा दाखला घेऊन मुदतीआधी जा, आणि पावतीवरचे पीक नीट वाचून घ्या. आमच्या हलक्यात एकाच्या सोयाबीनच्या जागी मका लिहिला गेला होता.

सांवेरकर : आईला आत्ताच आमची पावती शोधायला सांगितले आहे.