शब्दचर्चा : कार्बाइन म्हणजे नेमकी कोणती बंदूक?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. एकाच परिच्छेदात रायफल, कार्बाइन आणि सबमशीनगन असे तीन वेगळे शब्द येतात. आपल्या बातम्यांत मात्र पोलिसांच्या हातात जी 'कार्बाइन' दिसते ती सबमशीनगनच वाटते. मग कार्बाइनला मराठीत काय लिहावं? 'छोटी रायफल' चालेल का?

प्रतिसाद

अर्थ नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. कार्बाइन हे कुठल्या यंत्ररचनेचं नाव नाही. त्या त्या काळच्या पायदळाच्या बंदुकीपेक्षा आखूड आणि हलकी ती कार्बाइन. म्हणजे शब्द सापेक्ष आहे. फ्रेंचांमध्ये 'कॅराबिन' हे आधी सोळाव्या शतकातल्या हलक्या घोडदळाचं नाव होतं, त्यांच्यावरून ते त्यांच्या बंदुकीला चिकटलं. इटलीचं 'काराबिनिएरी' पोलीसदल 1814 साली स्थापन झालं, त्याचंही नाव याच बंदुकीवरून पडलं.

घोडेस्वाराची अडचण साधी होती. एका हातात लगाम, कमरेला तलवार, आणि पायदळाची लांबलचक बंदूक घोड्यावर आवरत नाही. म्हणून नळी कापून बंदूक आखूड केली. त्याची किंमतही मोजावी लागली. नळी आखूड झाली की गोळीचा वेग कमी होतो, आवाज आणि नळीच्या तोंडाशी होणारा भडका वाढतो, आणि बंदूक हलकी असल्याने खांद्याला धक्का जास्त बसतो. 1944 साली ब्रिटिशांनी आपली ली-एनफिल्ड रायफल आखूड करून जी 'जंगल कार्बाइन' काढली, तिच्या नळीला भडका झाकणारं नरसाळं आणि दस्त्याला रबराची गादी लावावी लागली ती यामुळेच.

तुमच्या लेखात अमेरिकन सैन्य असेल तर ती कार्बाइन बहुतेक एम-1 असणार. तिच्याबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण ती कुणाची तरी बंदूक कापून केलेली नाही. तोफखान्यातले, वाहनांवरचे, संदेशवहनातले जवान, रसद पोचवणारे आणि अधिकारी यांच्याकडे तोवर पिस्तूल असे, आणि पिस्तुलाने पन्नास मीटरवर नेम लागणंही कठीण. पूर्ण रायफल द्यावी तर ती कामात अडते. या लोकांसाठी मुद्दाम नवं, मधल्या ताकदीचं काडतूस बनवलं आणि त्याभोवती बंदूक आखली. ऑक्टोबर 1941 मध्ये ती स्वीकारली गेली. पायदळाची गॅरंड रायफल सव्वाचार किलोच्या वर, ही जेमतेम अडीच किलो. लांबी 90 सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये 15 गोळ्या. छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या दस्त्याची एम-1ए1 निघाली. युद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून अधिक नग तयार झाले, आणि बनवणाऱ्यांत टाइपरायटरवाली अंडरवुड, आयबीएम आणि नाणं टाकून गाणी वाजवणारी यंत्रं बनवणारी रॉक-ओला या कंपन्याही होत्या. पुढे कोरियात हिच्या गोळीत दम नाही अशी सैनिकांची तक्रार झाली. पण गॅरंडचं काम तिच्याकडून करून घेतलं तर ती कमीच पडणार.

म्हणून 'छोटी रायफल' नको. वाचकाला ती गॅरंडचीच धाकटी आवृत्ती वाटेल, आणि ती तशी नाही. सरळ 'कार्बाइन' लिहा.

प्रतिसाद

बातम्यांतल्या शब्दाचा उलगडा असा : ब्रिटिशांची स्टर्लिंग सबमशीनगन आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनू लागली आणि तिचं अधिकृत नावच '9 एमएम कार्बाइन 1ए1' असं ठेवलं गेलं. डाव्या बाजूला आडवं, किंचित वाकडं मॅगझिन असलेली बंदूक पाहिली असेल तर तीच ही. ती पिस्तुलाची 9 मिमी गोळी मशीनगनसारखी सलग झाडते, म्हणून जगाच्या हिशेबाने सबमशीनगन. पण सैन्यात, पोलिसांत आणि त्यांच्याकडून पत्रकारांत 'कार्बाइन' हाच शब्द रुळला. याला मी चूक म्हणणार नाही. भारतीय वापरात या शब्दाला आलेला तो दुसरा अर्थ आहे, आणि कोशात तशी नोंद हवी. काही बातम्यांत याच बंदुकीला 'स्टेनगन' म्हणतात, ते मात्र टाळावं. स्टेन ही 1941 ची निराळी बंदूक.

पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने घडवलेली 'जेव्हीपीसी' ही बंदूक 5.56 मिमी व्यासाचं, पण आखूड काडतूस झाडते. नावातला शेवटचा 'सी' कार्बाइनचाच.

प्रतिसाद

मराठीत याला जुना शब्द आहे की! 'कडाबीन'. हिंदीत 'कराबीन' आणि 'कड़ाबीन' दोन्ही आहेत. पण जुन्या वापरात कडाबीन म्हणजे बऱ्याचदा रुंद तोंडाची, एका वेळी पुष्कळ गोळ्या भरून उडवायची आखूड बंदूक. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या प्रसंगाचं लेखन असेल तर हा शब्द जरूर वापरावा, तो तिथे शोभतो. नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन सैनिकाच्या हातात कडाबीन देऊ नये.

प्रश्न

आखूड बंदूक इतकी सोयीची, तर सगळ्यांनाच का दिली नाही?

प्रतिसाद

दिली. आणि त्यामुळेच शब्दाचा घोळ वाढला. बोअर युद्धानंतर ब्रिटिशांनी घोडदळाची कार्बाइन आणि पायदळाची लांब रायफल हा भेदच मोडला आणि दोघांना मधल्या लांबीची एकच ली-एनफिल्ड दिली. तिच्या नावातच 'शॉर्ट' आहे. जर्मनांची 1935 ची 'काराबिनर 98 कुर्झ' 60 सेंटिमीटर नळीची, म्हणजे तीही ब्रिटिशांच्या रायफलइतकीच, पण नाव कार्बाइन. तिच्याआधीची 98बी तर जुन्या रायफलएवढीच लांब होती. रशियनांची सिमोनोव्ह कार्बाइनही काही फार आखूड नाही. तेव्हा परदेशी बंदुकीचं नाव त्या सैन्याने जे ठेवलं ते तसंच ठेवावं, पट्टी घेऊन मोजायला जाऊ नये.

आजची अमेरिकन एम-4 घ्या. तिच्याआधीच्या एम-16 रायफलची नळी 508 मिमी, हिची 368. चिलखती गाडीतून उतरताना, हेलिकॉप्टरमध्ये बसताना, घराच्या दारातून वळताना हे चौदा सेंटिमीटर फार मोलाचे ठरतात. घोडा गेला, पण अडचणीच्या जागेतून वावरायचं काम तेच राहिलं. म्हणूनच आडबाजूच्या लोकांसाठीची ही बंदूक आता पायदळाची मुख्य बंदूक झाली आहे. 'रायफलपेक्षा आखूड' ही व्याख्या टिकते खरी, पण ज्या रायफलशी तुलना करायची तीच आता मागे पडली आहे.

प्रतिसाद

सह्याद्रीत सुळके चढणारे आम्ही रोज 'कॅराबिनर' म्हणतो, ते इथूनच आलं आहे. घोडेस्वार आपली कार्बाइन खांद्यावरच्या पट्ट्याला एका कडीने अडकवत असे. त्या कडीचं जर्मन नाव 'काराबिनरहाकेन', म्हणजे कार्बाइनचा आकडा. पुढे गिर्यारोहकांनी तशीच कडी दोरासाठी घेतली आणि नावातला आकडा गळून पडला.

प्रश्नकर्ती

आभार. लेखात अमेरिकन जवान आहेत, तेव्हा 'एम-1 कार्बाइन' असंच ठेवते आणि पहिल्या उल्लेखाच्या जागी 'पिस्तूल आणि रायफल यांच्या मधली हलकी बंदूक' एवढं वाक्यातच गुंफते. सबमशीनगन तिथे थॉमसन आहे, ती तशीच राहील.